घरच्या घरी प्रोजेक्टरचा पडदा: ८० इंची चौकटीचा पडदा करण्याची पद्धत

प्रोजेक्टर घरी आला की सुरुवातीला चित्र भिंतीवरच पाहिले जाते. थोड्याच दिवसांत भिंतीवरचा रोलरचा खडबडीत पोत, जुन्या खिळ्याचे भोक आणि रंगातली पिवळसर झाक प्रत्येक दृश्यात डोळ्यांना खुपू लागते आणि पडद्याचा शोध सुरू होतो. बाजारातल्या स्वस्त गुंडाळी पडद्यांच्या कडा काही काळाने आत वळतात आणि पृष्ठभागावर उभ्या लाटा येतात. चारही बाजूंनी ताणलेले चांगले पडदे मात्र महाग असतात. लाकडी चौकट करून तिच्यावर योग्य कापड ताणले, तर माफक खर्चात असा पडदा तयार होतो की सपाटीच्या बाबतीत तो त्या गुंडाळी पडद्याला सहज मागे टाकतो. ज्यांनी करवत किंवा ड्रिल फारसे हाताळलेले नाही, अशा वाचकांना समोर ठेवून ही पद्धत येथे क्रमाने सांगितली आहे. सामान आधी जमवलेले असेल, तर प्रत्यक्ष कामाला एक शनिवार-रविवार पुरतो.

पडदा नेमके काय करतो

प्रोजेक्टरकडून आलेला प्रकाश खोलीत बसलेल्या प्रत्येकाकडे सारख्या प्रमाणात परत पाठवणे, एवढेच पडद्याचे काम आहे. त्यासाठी पृष्ठभाग सपाट हवा, चमक नसलेला हवा, रंगाने तटस्थ हवा आणि त्यातून प्रकाश आरपार जाता कामा नये. यांपैकी शेवटच्या गुणाकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. गणेशोत्सवात गल्लीमध्ये बांबूंना पांढरे कापड बांधून चित्रपट दाखवले जात, तेव्हा गर्दी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसे आणि मागच्यांना चित्र डावे-उजवे उलटलेले, पण पुरेसे स्पष्ट दिसे. मागच्यांना दिसणारे ते चित्र म्हणजे पुढच्यांच्या वाट्याचा, कापडातून निसटलेला प्रकाशच होता. घरात पातळ चादर लावली की तेच घडते; शिवाय मागे भिंत असल्याने निसटलेला प्रकाश तिच्यावरून परतून पुन्हा कापडातून पुढे येतो आणि मूळ चित्रावर अंधुक थर चढवतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

चमकेविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पडदा जितका चकाकणारा, तितके चित्र उजळ, असे मानून काही जण चंदेरी रंग किंवा चमकदार पत्रे वापरतात. पडद्याची परतफेड मोजण्यासाठी ‘गेन’ हे माप वापरतात. सर्व दिशांना सारखा प्रकाश पसरवणाऱ्या शुभ्र, निस्तेज पृष्ठभागाचा गेन १ धरला जातो. गेन १.५ असलेला पडदा जादा प्रकाश निर्माण करत नाही. तो बाजूला बसलेल्यांच्या वाट्याचा प्रकाश मध्यभागी बसलेल्यांकडे वळवतो. घरी केलेल्या चंदेरी पृष्ठभागावर हा परिणाम अनियंत्रित होतो आणि चित्राच्या मधोमध एक उजळ डाग सतत दिसत राहतो.

मुळात अंधाऱ्या खोलीत फार प्रकाश लागतही नाही. डिजिटल चित्रपटगृहात पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची प्रमाणित तेजस्विता प्रति चौरस मीटर ४८ कँडेला असते. ८० इंची, म्हणजे चित्राचा कर्ण ८० इंच असलेल्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७६ चौरस मीटर भरते, आणि गेन १ असेल तर त्यावर एवढी तेजस्विता मिळवायला साधारण २७० ल्युमेन (प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) पुरतात. १०० इंची पडद्याला सुमारे ४१५ लागतात. हे आकडे मानक पद्धतीने मोजलेल्या ल्युमेनचे आहेत. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेल्या हजारोंच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नये. खोक्यावर ‘आन्सी’ किंवा ‘आयएसओ’ असा उल्लेख असलेला आकडाच विचारात घ्यावा.

आकार आधी ठरवावा

कापड आणि लाकूड विकत घेण्यापूर्वी प्रोजेक्टर जेथे कायमचा राहणार आहे तेथे ठेवावा, चित्र भिंतीवर पाडावे आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावावी. ती खूण तशीच ठेवून दोन-तीन संध्याकाळी नेहमीप्रमाणे चित्रपट पाहावेत. आकार मोठा वाटतो की लहान, मान वर करावी लागते का, दाराची फळी आड येते का, हे सारे याच काळात कळते आणि बदल करायला पैसे पडत नाहीत. अनेक जण ही पायरी गाळतात आणि १२० इंचांच्या मोहात पडतात.

दर्शकाच्या डोळ्यांशी पडद्याच्या रुंदीने होणारा कोन ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असावा, असे सामान्यतः मानले जाते. यावरून बसण्याचे अंतर पडद्याच्या रुंदीच्या सुमारे १.४ ते १.९ पट येते. ८० इंची पडद्यावरचे १६:९ प्रमाणातले चित्र १७७.१ सेंमी रुंद आणि ९९.६ सेंमी उंच असते, म्हणजे कोच त्यापासून साधारण ८ ते ११ फुटांवर हवा. शहरी सदनिकेतल्या दिवाणखान्यात किंवा झोपण्याच्या खोलीत हेच अंतर मिळते. १०० इंची चित्र २२१.४ सेंमी रुंद व १२४.५ सेंमी उंच असते आणि त्यासाठी १० ते साडेतेरा फूट अंतर लागते. पहिला पडदा ८० इंचीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे एक कारण खोलीचे आहे, दुसरे कापडाच्या पन्ह्याचे आहे आणि ते पुढे येईलच.

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्या आकड्याने गुणले की भिंग आणि पडदा यांतले अंतर मिळते. हा आकडा १.२ असेल तर ८० इंचांसाठी सुमारे २१३ सेंमी आणि १.५ असेल तर सुमारे २६६ सेंमी अंतर हवे. चित्र चौकोनी करण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये ‘कीस्टोन’ नावाची सोय असते. ती वापरली की चित्राचे काही बिंदू वाया जातात आणि बारीक अक्षरे पुसट होतात, म्हणून प्रोजेक्टर शक्य तितका पडद्याशी काटकोनात बसवावा. पडद्यापासून जेमतेम हातभर अंतरावर ठेवायचे अतिजवळचे प्रोजेक्टर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी मात्र कापडाचा पडदा करू नये. त्यांचा प्रकाश पृष्ठभागाला घासत वर जातो, त्यामुळे कापडातला केसाएवढा उंचसखलपणाही चित्रात वाकडी रेघ होऊन उमटतो.

चित्रपट बहुधा १६:९ पेक्षा रुंद प्रमाणात असतात. २.३९:१ प्रमाणाचा चित्रपट या पडद्यावर ७४ सेंमी उंचीचा दिसेल आणि वर-खाली काळे पट्टे राहतील. तरीही पडदा १६:९ प्रमाणातच करावा, कारण क्रिकेटचे सामने आणि मालिका यांचे प्रमाण तेच असते.

कापडाची निवड

माझी पहिली पसंती पांढऱ्या ब्लॅकआउट अस्तराला आहे. खिडकीच्या जाड पडद्यांना ऊन अडवण्यासाठी मागून जे रबरी मुलाम्याचे अस्तर लावतात, ते हे कापड. पडद्यांचे आणि सोफ्याचे कापड विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. दोन पांढऱ्या थरांमध्ये काळा थर असलेले अस्तर सर्वांत चांगले. दुकानातच मोबाइलची विजेरी कापडाला मागून टेकवून पाहावी. पुढे प्रकाशाचा ठिपका दिसला, तर ते कापड नको. या कापडाची एक बाजू विणीची आणि दुसरी मुलाम्याची, अधिक गुळगुळीत असते. बहुतेक वेळा मुलाम्याची बाजू पुढे घेणे योग्य ठरते.

मांजरपाट स्वस्त असतो आणि सर्वत्र मिळतो, पण तो पिवळट असतो, विणीचे धागे जाड असतात आणि पावसाळी हवेत तो ओलावा शोषून झोळ धरतो. वापरायचाच असेल तर धुवून आटवून घ्यावा आणि मागे काळे कापड लावावे. पांढऱ्याशुभ्र सुती चादरीतही प्रकाश आरपार जाण्याचा दोष असतोच. फलकांसाठी वापरले जाणारे फ्लेक्स स्वस्त, अपारदर्शक आणि भरपूर रुंद असते. परंतु त्याला चमक असते, घडीच्या रेघा लवकर जात नाहीत आणि नव्या फ्लेक्सचा वास बंद खोलीत बराच काळ राहतो. निस्तेज पृष्ठभागाचे पांढरे रेक्झिन मिळाले तर ते चांगले काम देते, मात्र त्यावर चामड्यासारखी नक्षी उठवलेली नाही याची खात्री करावी.

पोताविषयी एक हिशेब उपयोगी पडतो. ८० इंची चित्रात फुल एचडी प्रोजेक्टरचा एक बिंदू सुमारे ०.९ मिमी रुंद असतो आणि फोर-के प्रोजेक्टरचा ०.४६ मिमी. कापडाचा कण किंवा वीण याहून बरीच बारीक हवी, नाहीतर बिंदूंच्या ओळी आणि धाग्यांच्या ओळी एकमेकींत मिसळून चित्रावर लहरी दिसतात.

आता पन्ह्याचा प्रश्न. पडद्यांच्या कापडाचा सर्रास मिळणारा पन्हा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंमी असतो. पडद्याला जोड देता येत नाही, कारण शिवण कितीही सफाईदार असली तरी ती प्रत्येक दृश्यात दिसते. ८० इंची चित्राची उंची ९९.६ सेंमी, वर आणि खाली ७ सेंमीची काळी किनार धरून ११३.६ सेंमी, त्यानंतर चौकटीमागे वळवून ठोकायला प्रत्येक बाजूस सुमारे ११ सेंमी कापड उरते. म्हणजे ५४ इंची पन्ह्यात हा पडदा नेमका आणि सुखाने बसतो. १०० इंची पडद्यासाठी याच पद्धतीने १५५ सेंमीहून मोठा पन्हा लागतो आणि तो शोधावा लागतो. या पडद्यासाठी सव्वादोन मीटर कापड पुरते. दुकानदाराला घडी घालू न देता ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून आणावे.

पूर्ण कापड घेण्यापूर्वी दोन-तीन प्रकारांचे वीतभर तुकडे आणून ते भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत आणि त्यांवर प्रोजेक्टरने आधी पूर्ण पांढरे चित्र, मग माणसाचा चेहरा दाखवावा. एकेक तुकडा पाहताना सगळेच पांढरे वाटतात. शेजारी ठेवले की एक निळसर, एक गुलाबीसर, एक मळकट असल्याचे लगेच कळते. कपड्यांना शुभ्रता यावी म्हणून लावलेल्या रसायनांमुळे काही कापडांत निळी झाक येते आणि त्यांवर त्वचेचा रंग आजारी दिसतो. बाजूला सरकून तिरक्या कोनातूनही पाहावे. जो तुकडा सर्व कोनांतून सारखाच उजळ दिसेल, तो घ्यावा.

लाकूड आणि चौकट

७० मिमी रुंद आणि २० मिमी जाड अशा पाइनच्या किंवा अन्य हलक्या, वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या घ्याव्यात. वखारीत तीन इंची पट्टी मागून ती मशीनवर रंधून घेतली की साधारण हेच माप मिळते. १९१.१ सेंमीच्या दोन आणि ९९.६ सेंमीच्या दोन पट्ट्या लागतील. मधल्या उभ्या आधारासाठी ९९.६ सेंमीची आणखी एक पट्टी हवी, पण ती १० मिमी जाडीचीच असावी. सर्व मिळून २२ फुटांहून थोडे अधिक लाकूड लागते. २५ फूट घेतल्यास चुकीला वाव राहतो. प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावी. किंचित बाक चालतो, पण पीळ बसलेली पट्टी अजिबात घेऊ नये, कारण बाक चौकटीत दाबून काढता येतो आणि पीळ मात्र सगळा पडदाच वाकडा करतो. लाकूड घरी आणून आठवडाभर त्याच खोलीत आडवे ठेवावे, म्हणजे ते तिथल्या हवेला सरावते आणि जो काही बदल व्हायचा तो जोडण्यापूर्वीच होऊन जातो.

लाकूड कापण्याचे काम वखारीतल्या किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घेतले तर उत्तम. दोन्ही लांब पट्ट्या एकमेकींइतक्याच आणि आखूड पट्ट्याही एकमेकींइतक्याच असल्या पाहिजेत. मापात दोन मिमीचा फरक चालेल, जोडीतल्या दोघींत नको.

जोडणी सपाट फरशीवर करावी. लांब पट्ट्या वर आणि खाली, आखूड पट्ट्या त्यांच्या मध्ये, अशी मांडणी केली की आतली मोकळी जागा आपोआप १७७.१ बाय ९९.६ सेंमी, म्हणजे चित्राच्या मापाची होते. जोडांवर फेविकॉल लावून ते भिडवावेत आणि कोपरा गुण्यात (सुताराच्या काटकोनी पट्टीला लागून) आहे का ते पाहावे. त्याहून खात्रीची कसोटी कर्णांची आहे. बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापे सारखी भरली, तर चौकट काटकोनात आहे. या चौकटीत ती २२२.३ सेंमीच्या आसपास येतील. फरक आढळला, तर लांब कर्णाच्या दोन टोकांना हलके दाबून तो काढावा आणि मगच स्क्रू मारावेत.

प्रत्येक कोपऱ्याला मागून ६ मिमी प्लायचा त्रिकोण बसवावा, ज्याच्या दोन भुजा साधारण १५ सेंमीच्या असतील. त्रिकोणाला फेविकॉल लावून २० मिमी लांबीचे सहा-सात स्क्रू मारावेत. आधी ड्रिलने बारीक भोके पाडून घेतली नाहीत, तर पट्टीच्या टोकाशी लाकूड फाटते. मधला आधार चौकटीच्या मागच्या पातळीला लागून, प्लायच्याच तुकड्यांनी जोडावा. तो पातळ घेतल्यामुळे पुढे कापड आणि आधार यांच्यामध्ये सुमारे १० मिमीची पोकळी राहते. ही पोकळी महत्त्वाची आहे; आधार कापडाला टेकला, तर चित्राच्या मधोमध उभी रेघ कायमची दिसते. आणि आधार दिलाच नाही, तर ताणामुळे लांब पट्ट्या आत ओढल्या जाऊन चौकटीची कंबर बारीक होते.

फेविकॉल पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे रात्रभर, चौकट हलवू नये. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कडा काचकागदाने गोलसर कराव्यात, कारण धारदार कडेवर ताणलेले कापड तेथेच चिरते. चौकटीची पुढची बाजू पांढऱ्या रंगाची नसल्यास तिला हरकत नाही. अस्तर अपारदर्शक असल्याने लाकडाचा रंग पुढे दिसत नाही.

कापड ताणणे

सगळ्या कामाचा कस येथे लागतो आणि येथे घाई चालत नाही. दोन माणसे असावीत.

फरशी झाडून-पुसून तिच्यावर स्वच्छ चादर अंथरावी, तिच्यावर पडद्याचे कापड पालथे, म्हणजे पुढे येणारी बाजू खाली करून पसरावे आणि त्यावर चौकट मधोमध ठेवावी. सुरकुत्या असतील तर त्या आधीच काढाव्यात. मुलामा असलेल्या कापडावर गरम इस्त्री थेट फिरवू नये, रबर वितळते. विणीच्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, अगदी मंद इस्त्री करावी किंवा कापड एक-दोन दिवस टांगून ठेवावे.

टॅकर, म्हणजे हाताने दाबून पिना मारण्याचे यंत्र, आणि ८ ते १० मिमीच्या पिना घ्याव्यात. चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर कापड मागे वळवून पहिली पिन मारावी. नंतर समोरच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या मध्यावर कापड ओढून दुसरी. त्यानंतर डाव्या व उजव्या पट्ट्यांच्या मध्यावर तिसरी आणि चौथी. अशा रीतीने कापडावर एक ताणलेले अधिकचिन्ह तयार होते आणि पुढचे सगळे काम त्या मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकते. वरच्या बाजूला मधल्या पिनेच्या दोन्ही बाजूंना एकेक पिन, लगेच खालच्या बाजूला तशाच, मग डावीकडे, मग उजवीकडे, अशा फेऱ्या कराव्यात. एक संपूर्ण बाजू आधी ठोकून टाकण्याचा मोह होतो; तसे केले की कापडाचा ताण एका दिशेने साचतो आणि समोरच्या कोपऱ्याकडे तिरक्या सुरकुत्या जातात, ज्या नंतर कशानेही निघत नाहीत.

सुरुवातीला पिना दहा-बारा सेंमी अंतरावर माराव्यात आणि चौकट उभी करून पुढून पाहावे. खोलीतला दिवा बंद करून विजेरी पडद्याच्या कडेला लावून प्रकाश पृष्ठभागावर तिरका सोडला की लहानशी लाटही सावलीसकट उघड होते. जेथे लाट दिसेल, तेथल्या दोन-तीन पिना स्क्रूड्रायव्हरने उपटून कापड पुन्हा ओढून ठोकावे. समाधान झाले की मधल्या जागा भरत पिनांमधले अंतर तीन-चार सेंमीवर आणावे. ताण इतकाच असावा की बोटाने हलके दाबले असता कापड लगेच पूर्ववत होईल. त्याहून अधिक ओढल्यास मुलामा ताणून पातळ होतो आणि कडेला उजेडाच्या रेघा दिसू लागतात.

कोपरे शेवटी करावेत. बाजूचे कापड आधी मागे वळवून, त्यावर वरच्या बाजूची घडी सपाट बसवून दोन पिना माराव्यात. जादा कापड कापायचे ते सर्वांत शेवटी, आणि तेव्हाही पिनांपासून तीन बोटे सोडून.

काळी किनार

पुष्कळ लोक या पायरीला शोभेची समजून सोडून देतात. तसे करू नये. चित्राच्या कडेशी प्रकाश नेहमी थोडा सांडतो. काळी मखमल तो गिळून टाकते आणि चित्राची कड धारदार दिसते. शिवाय गडद किनारीशेजारी डोळ्यांना चित्रातला काळा रंग अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा भासतो. काळा रंग लावलेली लाकडी पट्टी हे काम निम्मेसुद्धा करत नाही, कारण निस्तेज म्हणून विकला जाणारा रंगही थोडा प्रकाश परतवतो.

काळ्या सुती मखमलीच्या १३ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात: ७ सेंमी पुढची किनार, आतल्या कडेला दुमडायला दीड सेंमी आणि उरलेले बाहेरून मागे वळवायला. मखमलीला लव असते आणि लवेची दिशा बदलली की तेच कापड एका बाजूला काळे आणि दुसऱ्या बाजूला राखाडी दिसते. म्हणून वरची आणि खालची पट्टी कापडाच्या लांबीत कापावी व डावी-उजवी पन्ह्यात आडवी कापावी, म्हणजे चौकटीवर लावल्यावर चारही पट्ट्यांची लव एकाच बाजूला झुकलेली राहते. ५४ इंची पन्ह्याच्या मखमलीत बाजूच्या पट्ट्या बिनजोड निघतात आणि सव्वादोन मीटर कापडात सगळे काम भागते. आतली कड दुमडून तिच्या खाली दुपदरी चिकटपट्टी लावावी, सुताने आखलेल्या रेघेवर ती सरळ दाबत न्यावी आणि बाहेरची कड मागे वळवून पिनांनी ठोकावी. रेघ आखताना पेन्सिल अगदी हलकी वापरावी, कारण मुलाम्यावरचा डाग पुसला जात नाही.

टांगणे

तयार पडद्याचे वजन सहा-सात किलोच्या आसपास भरते. एका लाकडी पट्टीला लांबीच्या दिशेने ४५ अंशांत चिरून तिचे दोन तुकडे करून घ्यावेत. एक तुकडा तिरपी धार वर व भिंतीच्या बाजूला आत उतरती ठेवून भिंतीवर बसवावा आणि दुसरा उलटा करून चौकटीच्या वरच्या पट्टीमागे. पडदा वरून सरकवला की दोन्ही धारा एकमेकींत अडकतात आणि पडदा डावीकडे-उजवीकडे सरकवून नेमका मध्यावर आणता येतो. खालच्या पट्टीमागे तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे लावावेत, नाहीतर पडदा खालून आत झुकतो.

भिंतीवरची पट्टी पाणसळ लावून आडवी करावी. चार ठिकाणी ८ मिमीचे प्लग पुरतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण तारांच्या नळ्या बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती मऊ आणि सच्छिद्र असतात. तेथे लांब प्लग वापरावेत आणि भोक एका फटक्यात, ड्रिल न हलवता पाडावे. भाड्याच्या घरात भोके पाडण्याची परवानगी नसेल, तर पडदा बुटक्या कपाटावर उभा करून भिंतीला टेकवून ठेवला तरी चालते.

उंचीचा नियम असा की बसल्यावर डोळ्यांची पातळी चित्राच्या खालच्या एक-तृतीयांशाजवळ यावी. कोचावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंमीवर असतात, म्हणून चित्राची खालची कड सुमारे ७० सेंमीवर ठेवावी. ज्या घरांत गाद्या टाकून खाली बसूनच पाहिले जाते, तेथे ती आणखी एक वीत खाली घ्यावी.

खोलीचा वाटा

पडद्यावरचा काळा रंग म्हणजे प्रकाश नसलेली जागा. खोलीत जेवढा उजेड असेल, त्याहून काळे काहीही पडद्यावर दिसू शकत नाही. दिवे बंद केले तरी उजळ दृश्यांचा प्रकाश पांढऱ्या छतावरून आणि बाजूच्या भिंतींवरून परतून पुन्हा पडद्यावर येतो. पडद्यालगतच्या भिंतीला गडद राखाडी किंवा गडद तपकिरी निस्तेज रंग दिला, आणि खिडकीला ब्लॅकआउट कापडाचा पडदा केला, तर चित्रात पडणारा फरक महागड्या पडद्याच्या फरकाहून मोठा असतो. ज्यांना भिंतींचे रंग बदलता येत नाहीत, त्यांनी फिकट राखाडी कापडाचा विचार करावा. ०.८ गेन असलेल्या राखाडी पडद्यावर काळा रंग अधिक खोल दिसतो, मात्र त्याच तेजस्वितेसाठी २७० ऐवजी सुमारे ३३५ ल्युमेन लागतात.

सुतारकाम नकोच असेल आणि घर स्वतःचे असेल, तर भिंतीचाच पडदा करता येतो. पुट्टीचे दोन हात देऊन भिंत आधी १८०, नंतर ३२० क्रमांकाच्या काचकागदाने घासावी, तिरक्या विजेरीने तपासावी, प्रायमर लावावा आणि पूर्ण निस्तेज पांढऱ्या इमल्शनचे दोन-तीन हात बारीक लवेच्या रोलरने द्यावेत. शेवटच्या हाताचे सर्व फटके वरून खाली, एकाच दिशेने आणि मागचा पट्टा ओला असतानाच मारावेत. भोवती मखमलीची किनार येथेही लावावीच. बाहेरून ओल येणारी भिंत मात्र यासाठी निवडू नये.

पावसाळ्यात पडदा आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची तरी मोकळी जागा असावी, म्हणजे हवा खेळती राहते आणि कापडाच्या मागे बुरशी धरत नाही. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झटकावी. डाग पडल्यास साध्या पाण्यात पिळलेल्या पांढऱ्या सुती फडक्याने टिपावा, घासू नये. साबण, स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रव मुलाम्यावर चकाकीचा चट्टा सोडतात. पहिल्या वर्षात लाकूड आणि कापड दोन्ही थोडे सैल होतात, तेव्हा पावसाळा संपल्यावर पडदा उतरवून, मखमलीची बाहेरची कड उचलून, सैल बाजूच्या पिना काढून पुन्हा एकदा ताण द्यावा.